दगडावरची थुंकी

घरतांच्या झेलमनं गोटा उचलला, उलटा केला आणि चाटायच्या आधी एकदा चारी बाजूंना बघून घेतलं.

ओहोटी लागली होती. मोरखारच्या खाडीत ड्रेजर घरघरत होता आणि त्यानं उपसून टाकलेला गाळाचा ढीग उन्हानं तडकत होता. इम्तियाज पार तिकडच्या टोकाला गुडघाभर चिखलात उभा होता. नेनेकाका छत्रीखाली बसून मागच्या आठवड्यातले खेकडे ब्रशनं साफ करत होते. कुणाचंच लक्ष नव्हतं. तरी झेलमला कसंसंच झालं. गोटा ढिगाच्या अगदी कडेला, पायवाटेला लागून पडला होता, आणि तो स्वच्छ होता. ह्या ढिगावरचा प्रत्येक दगड चिखलानं लडबडलेला असायचा. हा मात्र कुणीतरी आंघोळ घालून ठेवल्यासारखा.

भरतीचं पाणी लागलं असेल, तिनं स्वतःला सांगितलं. पाणी इथवर चढत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं.

मग तिनं जीभ लावली.

गाळकऱ्यांची ती रीतच होती. गाळकरी म्हणजे हे तिघं आणि अधूनमधून येणारे चार हौशी लोक, ड्रेजरच्या गाळात जुने दगड झालेले खेकडे शोधणारे. वाळलेल्या दगडावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो आणि खाली काय आहे ते कळत नाही. ओला केला की कवच चमकतं. बाटलीतलं पाणीही चालतं, पण पाण्याला चव कळत नाही. खरं कवच जिभेला किंचित चिकटतं, नुसता दगड चिकटत नाही. आणि पहिली चाट शोधणाऱ्याची. ज्यानं पहिल्यांदा चाटला त्याचा तो दगड. दुसऱ्यानं त्याला जीभ लावायची नाही, मग तो कितीही मोठा शहाणा असो.

हा गोटा चिकटला. असा चिकटला की तिला जीभ सोडवून घ्यावी लागली.

तिनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

"काय गो, सोनं घावलं काय?" इम्तियाज चिखल तुडवत आला. इम्तियाज मुकादम बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि त्याचे हात कायम डिझेलनं काळे असायचे.

"हात नको लावू. नुसतं बघ."

इम्तियाज वाकला. त्याच्या मागून नेनेकाका आले, पोस्टातनं रिटायर झालेले, गळ्यात भिंग अडकवलेले. तिघांची डोकी गोट्यावर टेकायला आली.

पाठ खेकड्याची होती. पण खेकड्याची शेपूट पोटाखाली मुडपलेली असते. ह्याची मागं सरळ आलेली, वल्ह्यासारखी चपटी. आणि पाय बाजूला फाकलेले नव्हते. सगळे पुढं वळलेले, मेला तेव्हा काहीतरी कवटाळून बसला होता तसे.

"हे काय बाई नवीन?" नेनेकाका हळूच म्हणाले.

"खेकडा नाय," इम्तियाज म्हणाला.

"कोळंबी पण नाही."

"मग लावा की ती हुंगणी!" झेलम ओरडली. "नुसते टकाटका काय बघताय?"

हुंगणी हे त्यांनीच ठेवलेलं नाव. साबणाच्या डबीएवढं यंत्र, वर्गणी काढून घेतलेलं. आधी अशी यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत असायची, आता शाळकरी पोरं तलावातल्या माशांवर वापरतात. दगडावरून एक ओला बोळा फिरवायचा, तो डबीत घालायचा आणि थांबायचं. खाडीच्या तळाशी सात-आठ हजार वर्षांपूर्वी गाडला गेलेला खेकडा पुरता दगड झालेला नसतो. त्या काळ्या गाळात हवा शिरत नाही, म्हणून कवचाच्या भोकाभोकांत त्याच्या डीएनएचे तुकडे उरतात. फाटून चिंध्या झालेले, पण उरतात. हुंगणी त्या चिंध्या वाचते आणि समुद्रातल्या आजवर माहीत असलेल्या प्रत्येक जिवाशी ताडून बघते. मोरखारचे बाकीचे खेकडे तिनं चुटकीसरशी ओळखले होते. आजही खाडीत वळवळतात तेच, जरा थोराड.

आज ती बराच वेळ गप्प राहिली. मग पडद्यावर अक्षरं आली. ‘प्राचीन जीव: खात्रीशीर. जुळणी: नाही.’

"म्हणजे?" इम्तियाजनं विचारलं. त्याला कळलं होतं, पण कुणीतरी बोललेलं ऐकायचं होतं.

नेनेकाकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हणजे हा जीव कुणालाच माहीत नाही. झेलमबाई, ह्याला नाव द्यावं लागणार, आणि रीतीप्रमाणे ते शोधणाऱ्याचं देतात. समुद्रात कायमचं राहील तुमचं नाव."

"समुद्रात कुठं, मेलाय तो," झेलम म्हणाली, पण तिचे कान तापले होते. नववी सोडल्यापासून तिचं नाव गावात फक्त शिव्या देताना निघायचं.

---

आठवड्यानं नेनेकाकांनी बातमी आणली. पुण्याच्या संस्थेच्या केळुसकर मॅडम शनिवारी येणार. समाजमंदिराच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर दगड तपासणार.

"फोटो पाठवले ना आपण?" झेलम म्हणाली.

"फोटोला आता कोण विचारतं? आकार काय, थ्रीडी प्रिंटरवर कुणीही छापतो. गेल्या वर्षी एकानं अख्खा समुद्री साप छापून आणला होता, दगडासकट. आत जिवाचा माग सापडला तरच तो खरा." नेनेकाकांनी आवाज खाली आणला. "आणि त्या थर वाचणार आहेत."

"कसले थर?"

"थुंकीचे."

इम्तियाज खो खो हसला. "काका, आपल्यासारखे चाटरे आणखी कुठं कुठं आहेत?"

"सगळीकडं आहेत रे. म्हणून तर हे निघालं."

ते त्यांनी चहा पिता पिता समजावलं. जीभ लावली की थुंकी दगडात मुरते, आणि थुंकीत आपला डीएनए असतो. तो दिवसागणिक तुटत जातो. ताजी थुंकी म्हणजे लांब धागे, जुनी म्हणजे बारीक तुकडे. तुकडे किती बारीक झाले ते मोजलं की कोण आधी चाटून गेला आणि कोण नंतर, ते कळतं. कुणी दुसऱ्याचा दगड पळवून स्वतःच्या नावावर खपवू नये, म्हणून संस्थेनं हे सुरू केलं होतं. निकाल सगळ्यांना बघता येतो, थुंकीसकट.

"आता तर लोक हातमोजे घालून शोधतात," नेनेकाका म्हणाले. "काहीजण दगड ब्लीचनं पुसूनच आणतात. मग त्यांच्यावर जास्त संशय. स्वच्छ दगड म्हणजे काहीतरी लपवलेला दगड."

झेलमनं अर्धा पेला तसाच खाली ठेवला. इम्तियाजनं ते बघितलं.

"तुला काय भीती? पहिली चाट तुझीच ना?"

"मग काय तुझी?" ती फटकन म्हणाली.

हुंगणीत थर वाचायची सोय नुकतीच आली होती, कच्ची, पण होती. झेलम ती घरी घेऊन गेली. मागच्या पडवीत, आई मासे साफ करते त्या फरशीवर बसून तिनं गोट्यावर बोळा फिरवला. पडद्यावर आधी जीव दिसला. मग ताजी थुंकी. तिनं स्वतःचा गाल खरडून ताडून बघितलं. तिचीच.

आणि तिच्या खाली आणखी एक. जुनी, तुटलेली, दुसऱ्याच कुणाची.

---

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणीतरी आधी शोधला, धुतला, चाटला आणि मग तिच्या वाटेत ठेवला. कशाला? शनिवारी भर हॉलमध्ये तिला तोंडघशी पाडायला? इम्तियाज पहाटे बोटीवर जाताना ढिगावरूनच जातो. नेनेकाकांना तर ह्या थरांची माहिती सगळ्यांच्या आधी होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तिनं दोघांना आग्रह करून चहा पाजला. एरवी ती कुणाला पाणीसुद्धा पाजत नव्हती. नेनेकाका दात कोरायची काडी बशीत टाकून गेले, ती तिनं रुमालात घेतली. इम्तियाजचा पेला उचलला आणि बोटीच्या शेडमागं जाऊन त्याच्या कडेवर बोळा फिरवायला लागली.

"काय करतेस?"

तिनं दचकून वर बघितलं. इम्तियाज पान्हा घेऊन उभा होता.

"काही नाही."

"माझा पेला आहे तो." त्यानं हुंगणीकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. "माझी थुंकी घेतेस? चोरून?"

"दगडावर कुणाची तरी आहे. माझ्या आधीची."

"आणि तुला वाटलं माझी."

"तू पहाटे ढिगावरून जातोस!"

"पोटासाठी जातो, इंजिन बघायला! झेलम, मागितली असतीस तर तुझ्यासमोर थुंकलो असतो. बाटलीभर दिली असती." "माझ्या सख्ख्या चाचानं त्याच्या बोटीवरचं डिझेल चोरल्याचा आळ घेतला होता माझ्यावर, तेव्हा एकटी तू भांडली होतीस. तीच तू."

"मी नुसतं बघत होते..."

"बघ, बघ. पेला ठेव तुलाच."

तो गेला. मागून हाक मारावी असं तिला वाटलं. आणि हुंगणी तेवढ्यात वाजली. इम्तियाज नाही. संध्याकाळी काडी लावून बघितली. नेनेकाकाही नाहीत.

मग कोण?

रागारागानं तिनं पलंगाखालचा खोका ओढला. त्यात तिनं ह्या वर्षी शोधलेले गोटे होते. डोळा तिखट आहे पोरीचा, म्हणून सगळे वाखाणायचे ते. तिनं एकेकावर बोळा फिरवला. साध्या खेकड्यांवर फक्त ती. पण जे तिचे गाजलेले होते, नांगी उघडलेला खेकडा, पोटाखाली अंडी असलेली मादी, त्या सगळ्यांवर तिच्या खाली तोच. तोच तुटका, जुना माणूस.

म्हणजे डोळा तिखट वगैरे काही नव्हतं. तिला दाणे टाकून नेलं जात होतं, कोंबडीसारखं.

तिनं हुंगणीला शेवटचं एक विचारलं, जे आधीच विचारायला हवं होतं. हा माणूस आणि मी, ताडून बघ.

‘पुरुष. निम्मं साम्य. वडील किंवा मुलगा.’

मुलगा तिला नव्हता.

---

जनार्दन घरत ड्रेजरवर जाळीवर होता. गाळ ओढणाऱ्या तोंडाशी लोखंडी जाळी असते, तिच्यात दगड, झाडांचे बुंधे, जुनी जाळी अडकतात. ते उपसून गाळाच्या तराफ्यात फेकायचं हे त्याचं काम.

झेलमनं शाळा सोडली त्या दिवशी त्यानं तिचा पहिला खोका, दगडांसकट, खाडीत भिरकावला होता. "दगडं चाटून जगणार काय?" ती म्हणाली होती, तुझ्यासारखी दगडं फेकून जगण्यापेक्षा बरं. तेव्हापासून बापलेक बोलत नव्हते. एका घरात राहायचे, एका भांड्यातलं जेवायचे आणि बोलायचं असलं तर आईमार्फत. त्याला सांग, आमटी उतू जाते. तिला सांग, दार लाव.

हा माणूस तिला दगड ठेवणार? झेलमच्या मनात पाल चुकचुकायला लागली ती थांबेना. हल्ली असे दगड विकले जातात, शहरातली माणसं दिवाणखान्यात ठेवतात. बाबा त्यातला तर नाही? तिच्या हातून ओळख पटवून घ्यायची, किंमत वाढवायची आणि मग एक दिवस खोकाच गायब करायचा? की नुसती मजा बघतोय, पोरगी कशी नाचते ती?

रात्रीच्या जेवणाला ती त्याच्याकडं चोरून बघत राहिली. तो मान खाली घालून भात कालवत होता. मग ताटाशीच बोलल्यासारखं आईला म्हणाला, "पलीकडच्या ड्रेजरवरची दोन पोरं काढली."

"का हो?"

"जाळीतला दगड घरी नेला. कंपनीनं पकडलं." तो घास घेऊन थांबला. "दगड सापडला म्हणून सांगितला तर सरकार काम थांबवतं. म्हणून कंपनी म्हणते, बघू नका, फेका. नेला तर घरी बसा."

"पण त्यांना कळलं कसं?"

"कामावर घेताना गालातला बोळा घेतात ना सगळ्यांचा. त्या दगडाचा निकाल लागला, त्यात थुंकी जुळली."

झेलमचा घास तोंडातच फिरत राहिला. मुद्दाम बोलतोय? मला ऐकवायला? की त्याला ठाऊकच नाही शनिवारी काय होणार ते? सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिनं आईकडं बघितलं. "आई, त्याला विचार..."

"काय विचारू?"

जनार्दननं मान वर केली. पहिल्यांदाच. झेलमला त्याचे डोळे वाचता येईनात. रागावलाय, घाबरलाय, की धमकावतोय?

"काही नाही. मीठ दे म्हणावं."

---

शुक्रवारी दुपारी आई बाजाराला गेल्यावर तिनं मोरीतली ब्लीचची बाटली काढली.

तिचा हिशेब साधा होता. थुंकी वर असते, जीव आत असतो. वरवर पुसलं की बाबा जाईल, जीव राहील, नाव लागेल आणि बाबाची नोकरीही वाचेल. पाण्यात थोडं ब्लीच घालून तिनं कापडानं गोटा पुसला, धुतला आणि हुंगणी लावली.

पुसण्याआधी पडद्यावर तीन पट्ट्या होत्या. आता तिची स्वतःची पट्टी गेली. बाबाची होती तशीच. जिवाचीही होती तशीच.

तिनं परत पुसला. बाबा जरा उतरला. जीवही जरा उतरला.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. बाबानं चाटला तेव्हा गोटा कोरा होता, तहानलेला. त्यानं ती पहिली थुंकी आत, भोकाभोकांत ओढून घेतली होती. ती जिवाच्याच शेजारी जाऊन बसली होती. तिची स्वतःची नुसती वर राहिली. आता ब्लीच त्याच्यापर्यंत पोचायचं तर जिवातूनच जाणार.

ती थांबली. फरशीवर मांडी घालून बसली. गोट्यातला तो जीव पाय पुढं वळवून तसाच, काहीतरी कवटाळून. इतकी वर्षं चिखलात राहिला, कुणाला ठाऊक नाही, आणि वर आला तो तिच्याच हातात. अख्ख्या जगात तो एकच होता.

विचारावं का बाबाला? पण काय विचारणार? आणि तो काय सांगणार? खरं सांगेल ह्याचा काय भरवसा? विचारलं तर तिला माहीत आहे हे त्याला कळणार, आणि तो दगडच पळवून खाडीत टाकेल. आधी टाकला नव्हता का?

तिनं कापड बाजूला ठेवलं आणि गोटा सरळ बादलीतच सोडला.

काढला, बघितला. बाबा निम्मा. जीव निम्मा.

परत सोडला. ह्या वेळी तिनं पाणी न घालता बाटली ओतली. डोळे चुरचुरायला लागले ते वासानं, असं तिनं ठरवून टाकलं. काढला. बाबाची पट्टी नखाएवढी उरली होती, जिवाचीही तेवढीच. दोघं एकमेकांना धरून बसल्यासारखे. इथं थांबलं तर? नखाएवढा बाप केळुसकर मॅडमच्या मोठ्या यंत्राला सहज दिसेल. नखाएवढा जीवही दिसेल.

तिनं गोटा शेवटचा बुडवला.

मग पडद्यावर कुणीच नव्हतं.

---

शनिवारी हॉल भरला. केळुसकर मॅडम बारीक चणीच्या, खडूस वाटणाऱ्या, पण दगड हातात घेतल्यावर त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "काय सुंदर आहे हो हा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी यंत्र लावलं आणि चेहरा परत होता तसा झाला.

"शोधला कुणी?"

"मी."

"चाटला होता?"

"हो."

"तुमची थुंकी ह्यावर नाही." त्यांनी गोटा हलकेच टेबलावर ठेवला. "कुणाचीच नाही. जिवाचाही माग नाही. ह्यावर फक्त ब्लीच आहे. इतका स्वच्छ दगड खाडीत सापडत नाही, दुकानात सापडतो."

हॉलमध्ये कुजबुज उठली. नेनेकाका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. "पण मॅडम, आमच्या यंत्रावर जुळणी नाही असं आलं होतं. मी बघितलंय."

"घरगुती यंत्राला फसवणं अवघड नाही. थोडा खरा जुना कवचाचा चुरा लावला की झालं. नंतर पकडलं जाऊ म्हणून धुवून टाकला असेल."

नेनेकाकांनी झेलमकडं बघितलं. त्यांना तिच्याकडून एक शब्द हवा होता. तिच्या गळ्याशी आला होता तो, पण त्याला धरून बाबाही बाहेर पडणार होता. तिनं दात आवळले.

"आता कळलं," मागून इम्तियाजचा आवाज आला. "माझी थुंकी कशाला पाहिजे होती ते. माझ्या नावावर लावून सुटणार होतीस काय?"

झेलम गर्रकन वळली. एरवी तिनं त्याची गचांडी धरली असती. आज नुसती बघत राहिली, आणि त्यानं तो कबुलीजबाब समजला.

तेवढ्यात दाराशी चप्पल काढल्याचा आवाज झाला. जनार्दन घरत आत आला. अंगात ड्रेजरचं नारिंगी जाकीट, पाय चिखलानं भरलेले. तो सरळ टेबलापाशी गेला.

"तो गोटा माझा," तो म्हणाला. "म्हणजे पोरीचाच, पण जाळीतनं काढला मी. ढिगावर ठेवला मी. तिला माहीत नव्हतं."

"बाबा, गप बस."

"आता कशाला गप? माझी थुंकी खाली निघणार आणि तू चोर ठरणार, म्हणून सकाळीच साहेबाला सांगून आलोय. दगड मी नेला म्हणून. जाकीट संध्याकाळपर्यंत परत द्यायचंय." तो मॅडमकडं वळला. "बघा की तुमच्या यंत्रात. माझा बोळा घ्या. जुळंल."

"काका," केळुसकर मॅडम म्हणाल्या, आता जरा सांभाळून, "ह्यावर काहीच नाही जुळवायला."

"असं कसं? मी चाटलाय तो. चांगला चाटलाय."

"तुम्ही का चाटाल?"

जनार्दन गोंधळला. हॉलभर माणसं बघत होती आणि त्याला असल्या प्रश्नाची सवय नव्हती. "ही चाटते," तो म्हणाला. "हिला काय दिसतं त्यात, ते बघायला."

नेनेकाका पुढं झाले. त्यांनी जनार्दनच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "जनार्दनराव, पोरीसाठी बाप काय वाट्टेल ते बोलतो. आम्ही समजू शकतो. आता घरी जा."

---

दोघं बांधावरून चालले होते. तो पुढं, ती मागं. गोटा तिच्या ओढणीच्या टोकाला बांधलेला, चालताना मांडीवर आपटत होता. नकली म्हणून तो तिलाच देऊन टाकला होता.

"धुतलास," तो मागं न बघता म्हणाला.

"तुझी नोकरी गेली असती."

"ती गेलीच." तो थोडा चालला. "नोकरी दुसरी घावंल गं कुठंतरी. हा दुसरा कुठनं आणायचा?"

"मला काय माहीत तू सांगून टाकशील! तू दगड विकतोस असं वाटलं मला. माझी मजा बघतोस असं वाटलं."

"मग विचारायचंस ना एकदा."

"तू बोलत होतास माझ्याशी?" ती ओरडली. बांधावरचे बगळे उडाले. "एक शब्द तरी बोललास वर्षभर?"

जनार्दन थांबला. वळला. त्यानं असा काही चेहरा केला की झेलमला वाटलं हा आता हात उगारणार.

"गोटे ठेवत होतो ना," तो म्हणाला. "धुवून ठेवत होतो. ते काय मग, असेच सांडत होते काय माझ्या हातून?"

झेलमनं ओढणीची गाठ मुठीत धरली.

समोर ड्रेजर चालू होता. जाळीवर आज दुसराच कुणीतरी उभा होता, नवीन, तरणाबांड. हात भराभर चालवत तो दगड उपसत होता आणि तराफ्यात टाकत होता, एकावर एक, न बघता.